रात्री घरात कुणीच नेट वापरत नसताना अपलोड कसला होतो?

निळीशाई | सोमवार, रात्री १०:१२

आई-बाबा मिरजेला असतात, मी पुण्यात. तिकडे जुनी तांब्याची लाइन काढून फायबर घेतलंय. कंपनीने दिलेली एकच पांढरी पेटी आहे, मोडेमही तीच आणि वायफायही तीच. बाबांची झोप हल्ली कमी झाली आहे. रात्री उठले की पेटीवरचे दिवे जोरात लुकलुकताना दिसतात. मला म्हणाले, "आम्ही दोघं झोपलेलो, फोन चार्जिंगला, टीव्ही बंद. मग हे कुणासाठी चाललंय?"

दिवे लुकलुकतातच, असं सांगून मी आधी विषय सोडून दिला होता. परवा कंपनीच्या साइटवर त्यांच्या खात्यात वापराचा तक्ता उघडला. दिवसाचा डाउनलोड चार-पाच जीबी, त्यात नवल नाही, आई यूट्यूबवर कीर्तनं ऐकते. अपलोड मात्र रोज ३ जीबीच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक रात्री ११ ते सकाळी ६ मधला. इतका अपलोड, तोही सगळे झोपलेले असताना, हे मला पटत नाहीये.

घरात नेटला जोडलेलं इतकंच: दोघांचे फोन, हॉलमधला टीव्ही, टीव्हीमागे एक छोटी अँड्रॉइड पेटी, आणि गेट-अंगणातल्या चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. कॉम्प्युटर नाही. सगळं इन्व्हर्टरवर असल्यामुळे लाइट गेली तरी चालू राहतं. कंपनीच्या कॉल सेंटरला विचारलं तर "मॅडम, लाइन ओके आहे" एवढंच उत्तर मिळालं. कुठून सुरुवात करू?

सांगलीकर | सोमवार, रात्री १०:४०

घाबरण्यासारखं वाटत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री २ वाजता होतो. गूगल फोटोजही फोन वायफायवर आणि चार्जिंगला असला की व्हिडिओ चढवायला घेतो. ॲपची अपडेटही त्याच वेळी. आमच्याकडे पुतणीच्या लग्नानंतर आठवडाभर असाच अपलोड चालला होता.

निळीशाई | सोमवार, रात्री ११:०५

तेच आधी तपासलं. फोटोंचा बॅकअप दोघांच्याही फोनवर बंद आहे, व्हॉट्सॲपचा महिन्यातून एकदाच. आणि रोज न चुकता ३ जीबीचे फोटो दोघं काढणार कुठून?

चंद्रकोर | मंगळवार, सकाळी ७:२०

आम्ही रात्री झोपताना मोडेमचं बटणच बंद करतो, जसा गॅसचा कॉक बंद करतो. डोक्याला ताप नाही.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ९:१५

बटण बंद केल्याने रात्र निभते, पण जे यंत्र अपलोड करतंय ते सकाळी बटण चालू झालं की पुन्हा सुरू होणार. कोण करतंय ते शोधायलाच हवं. टेलिकॉममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवा आणि अपलोड हे दोन प्रश्न आधी सुटे करू. लॅनचा (वायरीने जोडलेल्या यंत्राचा) दिवा एका पॅकेटलाही, म्हणजे डेटाच्या एका छोट्या तुकड्यालाही, लुकलुकतो. पॅकेट साठ बाइटचं असो की दीड हजार बाइटचं, डोळ्यांना सारखंच दिसतं. आणि घरातली यंत्रं काही काम नसतानाही एकमेकांना हाका मारत असतात. अमुक पत्ता कुणाचा, ही एआरपीची विचारणा. टीव्ही आणि फोन एकमेकांना शोधतात ती यूपीएनपीची, २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर. राउटर स्वतः दर काही मिनिटांनी आयपीव्ही६ ची (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) घोषणा करतो. यातलं काहीच कुणा एकासाठी नसतं, म्हणून मोडेम ही पॅकेटं सगळ्या पोर्टांवर (वायरी लावायच्या खोबणींवर) आणि वायफायवर सोडतो.

यातच एक युक्ती आहे. बाबांना रात्री उठल्यावर इतकंच बघायला सांगा: लॅनचे जेवढे दिवे चालू आहेत ते सगळे एकाच क्षणी लुकलुकतात की एकच? सगळे एकदम लुकलुकले तर ती घरातल्या घरातली विचारपूस. एकच लॅन दिवा आणि इंटरनेटचा दिवा असे दोन जोडीने सतत फडफडत असतील, तर त्या वायरीवरचं यंत्र बाहेर कुणाशी तरी बोलतंय. पॉनचा दिवा यात धरू नका. फायबर जुळलेली आहे एवढंच तो सांगतो, स्थिर हिरवा असला की झालं. एलओएसचा लाल लागला तरच लाइनमनला फोन.

आता मोडेम स्वतःहून बाहेर काय बोलतो ते. एक, वेळ विचारतो. या पेट्यांमध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आली की त्यांच्या लेखी बहुधा १९७० साल उजाडतं. म्हणून एनटीपीने वेळ घेतात, आणि पुढेही थोड्या थोड्या वेळाने घेत राहतात. हे काम किती बेफिकीरपणे लिहिलं जाऊ शकतं याचं उदाहरण २००३ मधलं आहे. नेटगिअरच्या काही स्वस्त घरगुती राउटरांमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरला होता, आणि उत्तर आलं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, असं ते लिहिलं होतं. विद्यापीठावर सेकंदाला दोन-अडीच लाख पॅकेटं येऊन आदळू लागली. राउटर घेणाऱ्या एकालाही याचा पत्ता नव्हता.

दोन, कंपनीकडे हजेरी लावतो. टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ पासून आहे. मोडेम ठरलेल्या अंतराने कंपनीच्या सर्व्हरला आपली खुशाली कळवतो आणि काही बदल असतील तर उचलतो. फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर, याच वाटेने येतं, बहुधा रात्री. तीन, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची) विचारणा, आयपी पत्त्याचं नूतनीकरण अशी किरकोळ कामं.

हे सगळं मिळून आकड्यात किती? चोवीस तास सलग १ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) धरला तर दिवसाचे १०.८ एमबी होतात. ही कामं सगळी मिळून दिवसाला काही एमबी, फार तर काही दहा एमबी. तुमचे ३ जीबी सात तासांत म्हणजे साधारण १ एमबीपीएस, रात्रभर, सलग. हा मोडेमच्या हजेरीचा आकडा नाही. काहीतरी मुद्दाम पाठवलं जातंय. माझा पहिला संशय डीव्हीआरवर, दुसरा त्या अँड्रॉइड पेटीवर.

आडवाट | मंगळवार, सकाळी ११:३०

@तारायंत्र, म्हणजे कंपनी माझ्या मोडेममध्ये कधीही शिरू शकते? हे मला अपलोडपेक्षा जास्त खटकलं. आणि ती वाट दुसऱ्या कुणाला सापडली तर?

तारायंत्र | मंगळवार, दुपारी १२:१०

शिरू शकते. वायफायचं नाव बदलणं, रिसेट, फर्मवेअर, सगळं तिथून होतं, आणि लाखो ग्राहकांची मोडेम घरोघर जाऊन बघणं शक्य नसल्याने ते लागतंही. तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण तसं घडलेलं आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट आणि फोन एका वीकेंडला गेलं. देखभालीसाठीचा ७५४७ हा पोर्ट (इथे वायरीची खोबण नव्हे, सेवेचा क्रमांक) बाहेरच्या जगाला उघडा होता आणि त्यातून मिराई जातीच्या बॉटनेटने, म्हणजे ताबा मिळवलेल्या यंत्रांच्या जाळ्याने, शिरायचा प्रयत्न केला. त्या विशिष्ट मोडेममध्ये त्याला घर करता आलं नाही, पण त्या धक्क्याने ती कोलमडली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी हा पोर्ट फक्त आपल्या सर्व्हरपुरता ठेवला.

म्युनिकहून | मंगळवार, दुपारी ३:४५

तेव्हा मी इथे नवीनच होतो. शेजारच्या आजींचा फोन बंद पडला होता आणि त्या मला, "तू कॉम्प्युटरवाला ना," म्हणून बोलवायला आल्या होत्या. मोडेमची वायर काढून थोड्या वेळाने लावा, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि नवीन फर्मवेअर आल्यावर बहुतेकांचं सुरू झालं.

निळीशाई, टीव्हीमागची पेटी कुठल्या कंपनीची आहे? तुमचं उत्तर आल्यावर सविस्तर लिहितो.

निळीशाई | मंगळवार, रात्री ९:५०

बाबांनी रात्री बघून सांगितलं. लॅन-१ आणि लॅन-२ असे दोन दिवे चालू असतात. लॅन-२ आणि इंटरनेट हे दोन जोडीने, न थांबता. लॅन-१ मधूनमधून. मी फोनवर विचारलं, कुठली वायर कुठे जाते? ते म्हणाले, दोन्ही वायरी पिवळ्या, दोन्ही एकाच पट्टीतून भिंतीकडेने गेल्यात, कपाट हलवल्याशिवाय कळणार नाही. शनिवारी माझा भाऊ जाणार आहे.

पेटीवर कंपनीचं नाव नाही, नुसतं '४के' आणि 'अल्ट्रा' असं काहीतरी छापलंय. एका नातेवाइकांनी आणून दिली, सगळे चॅनेल आणि सिनेमे एकाच ठिकाणी, महिन्याचे पैसे नाहीत म्हणून. बाबा क्रिकेट बघतात त्यावर.

म्युनिकहून | मंगळवार, रात्री ११:२०

मग माझा संशय त्या पेटीवरच. इथे २०२४ च्या डिसेंबरात बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ३० हजार यंत्रांचा संपर्क तोडला. डिजिटल फोटोफ्रेम, टीव्हीच्या पेट्या अशी स्वस्त यंत्रं. त्यांच्यात बॅडबॉक्स नावाचं मालवेअर (घातकी सॉफ्टवेअर) विकत घेतानाच बसवलेलं होतं. ग्राहकाने काही चुकीचं दाबलं, कुठली लिंक उघडली, असं काही नाही. बॉक्समधून काढून वायर लावली की पेटी मालवेअरवाल्याकडे हजर. बीएसआयने इंटरनेट कंपन्यांना सांगून त्या यंत्रांची ही बोलणी मध्येच दुसरीकडे वळवली आणि कंपन्यांनी ग्राहकांना कळवलं. माझ्या ऑफिसातल्या एकाला असं पत्र आलं, आणि घरात शोधल्यावर ती फोटोफ्रेम निघाली.

हापूस | बुधवार, सकाळी ८:०५

मला वाटतं प्रत्येक स्वस्त पेटीला चोर ठरवणं बरोबर नाही. माझ्याकडे अशी पेटी बरीच वर्षं आहे, उत्तम चालते. आमच्याकडे रत्नागिरीत घराघरांत आहेत. डीव्हीआर का नाही? चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कुठे तरी जात असेल.

तारायंत्र | बुधवार, सकाळी १०:३०

हापूस, तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. डीव्हीआरवर माझाही संशय होताच. साधारणतः डीव्हीआर रेकॉर्डिंग आपल्याच हार्डडिस्कवर ठेवतो. फोनवर बघता यावं म्हणून तो कंपनीच्या सर्व्हरशी एक बारीक संपर्क जिवंत ठेवतो, त्याला फार डेटा लागत नाही. फोनवर कुणी कॅमेरा उघडला की मात्र चित्र अपलोडनेच जातं. म्हणून निळीशाईंना विचारतो: कॅमेरे तुम्ही किंवा भाऊ रात्री उघडे ठेवून झोपता का? कॅमेरे बसवणाऱ्या माणसाकडे पासवर्ड अजून आहे का?

डीव्हीआर धोक्याचा नाही असं मात्र अजिबात नाही. २०१६ चा मूळ मिराई मुख्यतः डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांवरच पसरला होता. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, ॲडमिन-ॲडमिन छापाच्या, आणि टेलनेट (दुरून यंत्रात शिरायची जुनी वाट) उघडं दिसलं की तो त्या लावून बघायचा. तेवढ्या भांडवलावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन् तास अडखळल्या. आपल्याकडे २०१७ च्या जुलैत मूळ पासवर्ड न बदललेले हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेव्हा बीएसएनएलला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं होतं.

शनिवारी भाऊ गेल्यावर काय करायचं ते लिहून ठेवतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचं (काही मोडेमना १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१००.१), नाव-पासवर्ड मोडेमच्या खाली चिकटवलेला असतो. आधी जोडलेल्या यंत्रांची यादी. अनोळखी नाव दिसलं की दचकू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता (यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक) देतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनावट पत्ता, बहुतेक वेळा घरातलाच फोन. मग स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये इथरनेट. तिथे प्रत्येक पोर्टचे 'रिसीव्ह' आणि 'सेंड' बाइट असतात. हे आकडे मोडेमच्या बाजूने आहेत. पोर्टवर मोडेमला जे मिळालं ते त्या यंत्राने पाठवलेलं, म्हणजे तुमचा अपलोड 'रिसीव्ह'च्या खाली दिसेल. इथे भलेभले उलटं वाचतात. रात्री आकडे लिहून ठेवायचे, सकाळी पुन्हा लिहायचे, वजाबाकी करायची. बाकी कुठलंही ॲप लागत नाही.

निळीशाई | बुधवार, रात्री १०:०५

कॅमेरे रात्री कुणीच उघडे ठेवत नाही. बसवणाऱ्याकडे पासवर्ड असणार, तो आम्ही बदललेलाच नाही. भावाला सांगते.

निळीशाई | रविवार, सकाळी ११:४०

भाऊ काल गेला. कपाट हलवलं. लॅन-१ डीव्हीआर, लॅन-२ टीव्हीमागची पेटी.

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडे लिहिले. डीव्हीआरकडून रात्रीत साधारण १२ एमबी आले. पेटीकडून २.८ जीबी. टीव्ही बंद, रिमोटने पेटीही बंद केलेली. बाबांना फार वाईट वाटलं. "बंद म्हणजे बंद नसतंच का?" असं विचारत होते.

राउटरच्या पानावर चालू जोडण्यांची एक यादी सापडली. पेटीच्या पत्त्यासमोर शेकडो ओळी, प्रत्येक ओळीत बाहेरचा वेगळाच पत्ता. भावाने काही तपासले तर ते खरेदीच्या साइटचे आणि तिकीट काढायच्या साइटचे निघाले. आई-बाबांनी आयुष्यात न उघडलेल्या साइट. आज पेटीची वायर काढून ठेवली आहे, वायफायचा पासवर्डही बदलला.

तारायंत्र | रविवार, दुपारी १२:३०

ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. खरेदीच्या आणि तिकिटांच्या साइटवर शेकडो जोडण्या, हे भाड्याने दिलेल्या घरगुती आयपी पत्त्याचं वर्तन आहे. एखाद्याला शेकडो खोटी खाती उघडायची आहेत, तिकिटं घाऊक उचलायची आहेत, चोरलेले पासवर्ड लावून बघायचे आहेत. त्याचा स्वतःचा पत्ता साइटवाले लगेच अडवतात. मिरजेतल्या एका निवृत्त माणसाचा पत्ता कोण अडवणार? म्हणून तो अशा पेटीतून येतो. पैसे पेटीत मालवेअर बसवणाऱ्याला, वीज आणि नेट तुमच्या बाबांचं.

इतका अपलोड का, तेही यातून कळतं. घरात आपण वापरतो तेव्हा एक लहान मागणी जाते आणि मोठं पान येतं. पेटी मध्यस्थ असली की जे पान खाली आलं ते तिला पुढे गिऱ्हाइकाकडे चढवावंच लागतं. म्हणजे तक्त्यातला डाउनलोडचाही बराचसा भाग कीर्तनांचा नसून पेटीचा असणार. रात्रीच का, तर बहुधा जगाच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा दिवस असतो, आणि टीव्ही चालू असताना पेटी अडखळली तर मालकाला संशय येईल.

२०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं असंच जाळं मोडलं. त्यात १ कोटी ९० लाख आयपी पत्ते होते, सुमारे २०० देशांतले. ते फुकटच्या व्हीपीएन ॲपमधून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं होतं. टीव्हीच्या पेट्यांबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर सूचना काढली, आणि जुलैमध्ये गूगलने बॅडबॉक्स २.० चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला तेव्हा १ कोटीहून अधिक यंत्रांचा उल्लेख केला.

पेटी फॅक्टरी रिसेट करून पुन्हा लावू नका. या प्रकारात मालवेअर फर्मवेअरमध्येच असतं, रिसेटने ते जसंच्या तसं परत येतं.

हापूस | रविवार, दुपारी १:१५

हे वाचून खरंच काळजी वाटली. माझी पेटी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? मला तिच्यावर काही विचित्र दिसलेलं नाही.

म्युनिकहून | रविवार, दुपारी ४:३०

पेटीवर प्ले स्टोअर उघडा, सेटिंगमध्ये 'अबाउट'च्या खाली प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र आहे का बघा. प्रमाणित नाही असं आलं, किंवा प्ले स्टोअरच नसून कुठलं तरी वेगळंच ॲपचं दुकान असेल, तर ती खरी अँड्रॉइड टीव्ही नाही, फुकटच्या अँड्रॉइडवर कुणीही बनवलेली आहे. बसवताना "प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं सांगितलं होतं का, तेही आठवा. एफबीआयच्या सूचनेत हीच लक्षणं दिली आहेत. आणि वर तारायंत्र यांनी सांगितलेली रात्रीची वजाबाकी. पेटी वायफायवर असेल तर एक रात्र तिला लॅनच्या वायरीवर घ्या, म्हणजे तिचा आकडा वेगळा मिळेल.

आडवाट | रविवार, संध्याकाळी ६:१०

माझा प्रश्न कायद्याचा. त्या पेटीतून कुणी फसवणूक केली असेल तर पोलिस निळीशाईंच्या बाबांकडे येणार का?

तारायंत्र | रविवार, रात्री ८:४०

तपास आयपी पत्त्यावरून सुरू होतो आणि कंपनीच्या नोंदींतून ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्यापर्यंत येऊ शकतो. म्हणूनच मी हा विषय इतका लावून धरतोय. तक्त्याचे स्क्रीनशॉट, त्या जोडण्यांच्या यादीचे फोटो, भावाने लिहिलेले आकडे, पेटी काढल्याची तारीख हे सगळं एका जागी ठेवा. कंपनीला ईमेलने लेखी कळवा, फोनवर नको. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत. बॉटनेटमध्ये सापडलेल्या ग्राहकांना इंटरनेट कंपन्यांमार्फत सावध करणं हे त्यांचं कामच आहे. सर्ट-इनला ईमेलने घटना कळवता येते. पैशांची फसवणूक झाली असती तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगितलं असतं, इथे तशी वेळ नाही.

आता मोडेमकडे परत. भावाला एवढं करायला सांगा: मोडेमच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड बदला (वायफायचा नव्हे, तो वेगळा). डीव्हीआरचाही. यूपीएनपी बंद करा, त्यातून आतली यंत्रं स्वतःहून बाहेरचं दार उघडू शकतात. डीएनएसचे पत्ते कंपनीचे किंवा तुम्ही मुद्दाम घातलेले आहेत ना, बघा. २०११ मध्ये एफबीआयने एक टोळी पकडली होती, ती कॉम्प्युटर आणि राउटरांमधले नेमके हेच पत्ते बदलून लोकांना भलतीकडे न्यायची. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून थेट घरातल्या यंत्रापर्यंत यायच्या वाटांमध्ये) कॅमेरेवाल्याने काही उघडून ठेवलं असेल तर काढा. आणि वॅनचा (मोडेमच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता काय दिसतो तो इथे लिहा, पूर्ण नको, पहिले दोन आकडे पुरेत.

निळीशाई | सोमवार, रात्री ९:३०

पासवर्ड दोन्ही बदलले, यूपीएनपी बंद केलं. डीएनएस कंपनीचेच आहेत. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये डीव्हीआरसाठी दोन नोंदी होत्या, काढल्या, तरी फोनवर कॅमेरे दिसतात. वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो.

तारायंत्र | सोमवार, रात्री १०:२०

छान. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे कंपनीने अनेक घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता दिलाय, आणि बाहेरून कुणी थेट तुमच्या मोडेमपर्यंत आयपीव्ही४ ने पोचू शकत नाही. त्या दोन नोंदींचा तसाही उपयोग नव्हता, कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फतच दिसत होते. ज्यांना थेट पत्ता आहे त्यांच्या दारावर मात्र सतत टकटक असते. मिशिगन विद्यापीठाने २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं, त्याने एका साध्या कॉम्प्युटरवरून, गिगाबिटच्या लाइनवर, जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपून होतात. मोडेमच्या लॉगमध्ये २३, ७५४७, ८०८० अशा पोर्टांवर अडवलेल्या नोंदी दिसतात त्या याच. दार बंद असेल तर त्यांची चिंता नको.

फक्त आयपीव्ही६ बघा. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, तिथे हा आडपडदा नाही. सिक्युरिटीमध्ये आयपीव्ही६ फायरवॉल चालू असू द्या.

निळीशाई | गुरुवार, रात्री ९:१५

फायरवॉल बंद होती, चालू केली. पेटी काढल्यापासूनचा तक्ता बघितला. रात्रीचा अपलोड ३० ते ४० एमबी. लॅन-१ चा दिवा अजून मधूनमधून लुकलुकतो, बाबांना आता त्याचं कारण माहीत आहे. बाबांसाठी प्रमाणित अँड्रॉइड टीव्हीची छोटी स्टिक मागवली आणि क्रिकेटचं रीतसर सबस्क्रिप्शन घेतलं. कंपनीला आणि सर्ट-इनला ईमेल पाठवले. ज्या नातेवाइकांनी पेटी दिली त्यांनाही सांगितलं, त्यांनी अजून दोन घरांत दिली आहे. ते स्वतः जाऊन दोन्ही काढून आणणार आहेत.

जुन्या पेटीचं काय करू? कामाला येणाऱ्या मावशी त्यांच्या मुलासाठी मागत होत्या.

म्युनिकहून | गुरुवार, रात्री १०:४५

देऊ नका, त्यांच्या घरचं नेट वापरलं जाईल. कंपनी आणि सर्ट-इनकडून उत्तर येईपर्यंत वायर न लावता ठेवा, मग ई-कचरा घेणाऱ्याकडे, सर्किट बोर्ड तोडून.

हापूस | शुक्रवार, सकाळी ८:३०

माझ्या पेटीवर प्रमाणपत्र नाही असंच आलं. लगेच काढली. पण तिच्याशिवायही लॅपटॉपच्या पोर्टवर रात्री ४०० एमबी अपलोड दिसतोय. विंडोज ११ आहे. हे काय?

तारायंत्र | शुक्रवार, सकाळी ९:५०

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, तिथे ॲडव्हान्स्ड, त्यात डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. इतर कॉम्प्युटरना अपडेट देण्या-घेण्याचा पर्याय चालू असेल, आणि त्यात 'इंटरनेटवरील' निवडलेलं असेल, तर तुमचा लॅपटॉप अनोळखी लोकांना अपडेटचे तुकडे वाटतोय. हे मायक्रोसॉफ्टचंच अधिकृत काम आहे, पोर्ट ७६८० वर चालतं. फक्त घरातले कॉम्प्युटर असं निवडा किंवा पूर्ण बंद करा.

हापूस | शनिवार, सकाळी ७:४५

'इंटरनेटवरील' निवडलेलं होतं. बदललं. काल रात्रीचा आकडा ६ एमबी.